जोडीदाराचे कॅन्सर-उपचार आणि आपला ख्रिस्ती विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला बहुतेक वेळा चर्चच्या पायऱ्यांवर, हॉस्पिटलात औषधांच्या रांगेत, नाहीतर रात्री उशिरा फोनवर विचारले गेले. विचारणारे कळव्यापासून ऐरोली, वाशी, खारघरपर्यंतचे. कोणी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्टमध्ये मिस्साला जाणारे, कोणी १८२५ पासून उभ्या असलेल्या सेंट जेम्समध्ये उपासनेला बसणारे. मी नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातली, लग्न होऊन ठाण्याच्या कॅथलिक घरात आले, म्हणून पाळकसाहेब आणि फादर दोघांशीही माझं जमतं. माझे यजमान आतड्याच्या कॅन्सरच्या उपचारांतून गेले. पुढची उत्तरं शेजारी बसणाऱ्यासाठी आहेत, पेशंटसाठी नाहीत. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

रिपोर्ट आल्यापासून प्रार्थनाच सुचत नाही. डोळे मिटले की फक्त स्कॅनची तारीख दिसते. माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही. भीतीने डोकं भरलं की शब्द सुचत नाहीत, हे प्रार्थनेबाबतच होतं असं नाही. भाजीवाल्याकडे काय घ्यायला आलो होतो हेही त्या दिवसांत आठवत नाही. पौलाने रोमकरांना लिहिलं आहे (८:२६) की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने, आपल्यासाठी मागतो. म्हणजे न सुचणं हे पवित्र शास्त्राने आधीच धरलेलं आहे.

स्वतःचे शब्द नसतील तर दुसऱ्याचे वापरा. स्तोत्रं त्यासाठीच आहेत. आपल्याकडे लोक लगेच धीर देणारं २३वं किंवा १२१वं काढून देतात. मी १३वं आणि ८८वं सुचवते. १३वं थेट ‘कुठवर?’ असं विचारून सुरू होतं. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलीही गोड कलाटणी नाही, तरीही ते शास्त्रात ठेवलेलं आहे. रोझरीची, म्हणजे जपमाळेची, सवय असेल तर ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या दहा मण्यांचं एक दशक पुरे. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढंही झालं तरी झालं.

बायको म्हणते, “तू प्रार्थना कर, माझ्याच्याने होत नाही. मला आता काही वाटतच नाही.” तिचा विश्वास उडाला तर काय?

माझ्या मते या सगळ्या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून उत्तर देते.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमचा तो पक्षाघाती आठवा. चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं. दारात गर्दी, म्हणून वर चढून छप्पर उसकटलं आणि बाज खाली सोडली. त्या माणसाने काही म्हटल्याचं लिहिलेलं नाही. तो विश्वास ठेवत होता की वैतागला होता, कोण जाणे. लिहिलं आहे ते असं, की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. वाहून आणणाऱ्यांचा.

केमोचं तिसरं-चौथं सायकल आलं की माणसाच्या अंगात कूस बदलायचंही त्राण नसतं. तोंड आलेलं, जिभेला चव नाही, पाण्यालाही लोखंडाचा वास. अशा वेळी आपण वर आणखी ‘विश्वास धर गं’ असं म्हणतो, तेव्हा एक काम तिच्यावर वाढवतो. काही दिवस तिच्या वाटचा विश्वास तुम्ही धरा. तिला ते सांगाही: “तुझ्याच्याने होत नाही ना, राहू दे. मी आहे.” मोठ्याने प्रार्थना करायची तर तिला विचारून करा. नको म्हणाली तर शेजारच्या खोलीत करा.

आणि तुमच्याच्यानेही होत नसेल, तर मार्क ९:२४ मधला तो बाप आहेच. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं एका दमात तो दोन्ही बोलला आणि त्याचं काम झालं.

हा आमच्या पापाचा परिणाम आहे का?

योहान ९ वाचा. शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल अगदी हाच प्रश्न विचारला, कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, यानेही नाही आणि त्यांनीही नाही.

पण नवऱ्याने वीस वर्षं तंबाखू मळली आणि आता गालाचा कॅन्सर झाला, अशा घरात हा प्रश्न जास्त बोचतो. तिथे कारण आणि शिक्षा वेगळी करा. तंबाखूने कॅन्सर होतो, हे कारण. देव त्या पुडीवर डोळा ठेवून बसला होता आणि हिशेब चुकता केला, ही शिक्षेची कल्पना तुम्ही स्वतः तयार केलेली. तंबाखू आजच सुटायला हवी, कारण उपचार चालू असतानाही ती नुकसान करते. त्याला रोज ऐकवून मात्र काही साधत नाही.

एका प्रार्थनासभेत सांगितलं की खरा विश्वास असेल तर केमो बंद करा. घरातले काही जण त्याच मताचे आहेत.

बंद करू नका. यावर माझं दुसरं मत नाही.

हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. देवाने त्याची प्रार्थना ऐकली, पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (२ राजे २०). पौलाचा सोबती लूक वैद्य होता आणि पौल त्याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा करतो. तीमथ्याला पौलाने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, नुसती डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून मोकळा झाला नाही. देव आणि औषध यांच्यात भांडण लावणारा माणूस शास्त्रातून बोलत नाही.

व्यवहाराचंही सांगते. कॅन्सर बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधी द्रव्ये व जादुई उपचारांसंबंधीच्या केंद्रीय कायद्याने बंद आहे. प्रार्थना करणं गुन्हा नाही, हे उघड आहे. पण तेल, पाणी, काढा विकून बरं करण्याची हमी देणारा दिसला की सावध व्हा. असा काढा आधीच पोटात गेला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील म्हणून बायका गप्प बसतात. काही वनस्पती केमोच्या औषधांत ढवळाढवळ करतात, लिव्हरवर ताण आणतात, म्हणून त्यांना कळायलाच हवं.

केमोची सायकल ठरावीक अंतराने असते त्यालाही कारण आहे. मधल्या काळात चांगल्या पेशी सावरतात, आणि अंतर फार वाढलं तर वाईट पेशीही सावरतात. “एक महिना प्रार्थनेला देऊ, मग बघू” ही तडजोड म्हणूनच महागात पडू शकते.

फादरना तेल लावायला बोलवायचं आहे, पण सासूबाई म्हणतात, “एवढ्यात कशाला? अजून चालते-फिरते आहे ती.”

सासूबाईंच्या लहानपणी फादर तेल घेऊन जिन्याने चढताना दिसले की आळीत रडारड सुरू व्हायची. ती भीती खरी आहे, तिला हसू नका. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केलं की आजाऱ्याला तेल लावण्याचा हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्या माणसासाठी नाही. आजार गंभीर झाला की घ्यायचा. मोठ्या ऑपरेशनच्या आधी घेता येतो, आणि तब्येत पुन्हा ढासळली तर पुन्हाही घेता येतो. सासूबाईंना तुम्ही समजावण्यापेक्षा फादरनाच समजावू द्या, लवकर पटतं. त्या वेळी सासूबाईंनाही खोलीत बसवा.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत याकोब ५:१४ प्रमाणे वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना होते. तिथेही वाट कसली बघायची?

एक काळजी. रेडिएशन चालू असेल तर त्या भागाच्या त्वचेवर तेल चोळू नका, पवित्र असलं तरी. तिथली कातडी आधीच भाजल्यासारखी झालेली असते आणि मशीनसाठी काढलेल्या खुणा पुसल्या जाऊ शकतात. संस्कारात तेल कपाळाला आणि तळहातांना लागतं, तेवढं पुरतं. वेलांकनीहून आणलेली तेलाची बाटली छातीवर रिकामी करायला निघालेल्या मावशींना हे तुम्हालाच सांगावं लागेल. पोर्ट किंवा सेंट्रल लाइन (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर तिच्या आसपासही काही लावू नका.

केमो चालू असताना मिस्साला, उपासनेला जावं का? आणि प्रभुभोजन?

काउंट पाहून. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. औषधानुसार थोडं मागेपुढे होतं, तुमच्या डे-केअरच्या सिस्टरना विचारून कॅलेंडरवर खूण करा. ते दिवस गर्दी टाळायची. बाकीच्या दिवसांत मास्क लावून, कडेच्या बाकावर, दाराजवळ. ख्रिसमसची मध्यरात्रीची मिस्सा आणि पवित्र आठवड्यातली गर्दी शक्यतो सोडा. शांतीचं अभिवादन हात जोडून करा, कोणी मनाला लावून घेत नाही.

एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेण्याची पद्धत असेल तर त्या काळात तो घेऊ नका. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे फक्त भाकरीच्या रूपात घेतलं तरी ख्रिस्तप्रसाद पूर्णच असतो. इतर मंडळ्यांत पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, वेगळा लहान पेला मिळतो. घरी ख्रिस्तप्रसाद आणायची सोय बहुतेक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) आहे, ऑफिसात नाव द्यावं लागतं. आणणाऱ्याला सर्दी-खोकला असेल तर त्याने दुसऱ्याला पाठवावं. हे सांगताना लाजू नका.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर मिस्सा चालू असो की मध्यरात्र, हॉस्पिटल गाठायचं. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. काउंट पडलेले असताना ताप ही तातडीची गोष्ट असते.

लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, उपवास?

पेशंटने नाही. कॅथलिक नियमातच आजारी माणसाला सूट आहे. ख्रिस्तप्रसादाआधीचा एक तासाचा उपवाससुद्धा आजाऱ्याला आणि, हे फार थोड्यांना माहीत असतं, त्याची काळजी घेणाऱ्यालाही लागू नाही. तेव्हा तुम्हीही चहा-बिस्किट खाऊन जा.

आम्ही माउंट मेरीला नवस बोललोय. आता ती चढण तिला झेपत नाही.

मेणाचा हात, पाय, छाती घेऊन बांद्र्याची टेकडी चढणारी माणसं मी लहान तोंडाने नाकारणार नाही. आमच्या घरातलेही जातात, आणि सप्टेंबरच्या जत्रेत आमच्याबरोबर किती हिंदू-पारशी असतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण नवस ज्याने बोलला त्यालाच तो बांधतो, असा चर्चचाच नियम आहे. तुम्ही बायकोच्या वतीने ‘ती अनवाणी येईल’ असं बोलला असाल तर तिच्यावर ते ओझं नाही. तुमच्याने निभत नसेल तर तुमच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना सांगा, खासगी नवसातून मोकळं करण्याचा किंवा तो बदलून देण्याचा अधिकार त्यांना असतो.

देवाशी सौदा करावासा वाटणं माणसाचं आहे. फक्त रिपोर्ट वाईट आला तेव्हा ‘आपला नवस कमी पडला’ हा हिशेब मांडू नका.

नवरा हिंदू आहे. त्याची आई अंगारा आणते, मी रोझरी म्हणते. भांडणं होतात.

आजारी तो आहे, त्याला विचारा. तो मुलगा आहे तसाच नवराही आहे आणि बहुतेक वेळा त्याला दोघींची माया हवी असते. अंगारा कपाळापुरता, जखमेवर नाही, तोंडात नाही, ही अट आरोग्याची म्हणून घाला. धर्माची म्हणून घातलीत तर घरात महाभारत. तुमची रोझरी सासूबाई झोपल्यावरही म्हणता येते.

प्रार्थनेला गट येतो. वीस माणसं, दोन तास, वर चहा. नाही कसं म्हणायचं?

ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. ते त्यांचं सर्वांत चांगलं काम. तोंड उघडलं आणि बिघडलं, इतकं की शेवटी देवच त्यांच्यावर रागावला. हे गटप्रमुखांना वाचून दाखवायला हरकत नाही!

सरळ सांगा: “दोघंच या, दहा मिनिटं. बाकीचे आपापल्या घरी करा, देव तिथलंही ऐकतो.” दारावर पाटी लावा, ‘डॉक्टरांनी भेटी बंद केल्या आहेत’. डॉक्टरांना आधी सांगून ठेवलंत तर ते हसून होकार देतात. ‘अमक्याच्या भावजयीचाही असाच होता, ती गेली’ छापाच्या गोष्टी दारातच अडवा. ‘देव ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच परीक्षेत घालतो’ हेही त्याच जातीचं वाक्य आहे, फक्त त्याला कपडे बरे घातलेले.

काही करू का विचारणाऱ्याला काम द्या. सोमवारचा डबा. मुलीला क्लासहून आणणं. हॉस्पिटलात फाइल घेऊन रांगेत उभं राहणं. बाज उचलायला चौघे लागले होते, एकट्याने ते झालं नसतं.

मीच थकलोय. देवाचा राग येतो, तिच्यावरही चिडतो, मग स्वतःची शरम वाटते.

एलीया संदेष्टा १ राजे १९ मध्ये झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. ऊठ, खा, म्हणतो. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो, कारण वाट लांबची आहे. आधी जेवण, आधी झोप. देवाचं मंद वाणीचं बोलणं त्यानंतर येतं.

म्हणून आधी बघा की आज तुम्ही काय खाल्लं. आठवड्यातली एक संध्याकाळ मेहुणीला किंवा भावाला बसवून बाहेर पडा. तलावपाळीला एक फेरी मारा, सागरविहारला जाऊन बसा, मॅच बघा. तिच्याशिवाय हसलात म्हणून काही बिघडत नाही. देवावरचा राग देवालाच सांगा, त्याने यिर्मयाचं आणि ईयोबाचं याहून कडू ऐकलेलं आहे.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली, जगणं नको वाटू लागलं, तर फक्त प्रार्थनेवर राहू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलतात.

लग्नाच्या वेळी ‘आजारात आणि आरोग्यात’ म्हटलं होतं. पण आता जवळ जायलाच भीती वाटते.

स्तन काढलेला, पोटावर पिशवी लावलेली, केस गेलेले. शरीर बदलतं, आणि दोघंही आपापल्या बाजूला गप्प पडून राहतात. यावर चर्चमध्ये कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. कॅन्सर स्पर्शाने होत नाही. हात धरा, पाय चेपून द्या, डोक्याला तेल लावत होता तिथे आता नुसता हात फिरवा. शरीरसंबंध केव्हा आणि कोणती काळजी घेऊन, हे डॉक्टरांना विचारायचा प्रश्न आहे. ते रोज ऐकतात. बोटं सुजली किंवा बारीक झाली म्हणून लग्नाची अंगठी काढावी लागली तर अपशकुन मानू नका. स्कॅन आणि ऑपरेशनला तर ती काढायचीच असते, गळ्यातल्या क्रुसासकट. दोन्ही तुमच्या खिशात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत फाइलबरोबर नको, तिथे हरवतात.

मुलांना काय सांगू?

आजाराचं नाव सांगा, नाहीतर ती शाळेतल्या पोरांकडून ऐकतील. त्यांच्या वागण्याने झालेला नाही आणि जवळ बसल्याने लागत नाही, हेही सांगा. ‘येशू पप्पांना नक्की बरं करणार’ असं वचन देऊ नका. ते वचन तुमचं नाही, आणि मोडलं तर मूल येशूवर रुसतं. ‘डॉक्टर प्रयत्न करताहेत, आपण मागतोय, येशू आपल्याबरोबर आहे’ इथपर्यंतच.

पेट-स्कॅनच्या दिवशी मात्र काही तास लहान मुलांना लांब ठेवायला सांगतात. ते इंजेक्शनमधल्या किरणोत्सर्गी औषधामुळे. आधीच समजावून सांगा, नाहीतर पप्पांनी ढकललं म्हणून रडतात.

पैसे संपत आलेत. मंडळीकडे मागायला लाज वाटते. दशांशही थांबलाय.

दशांशाचं आधी. मार्क ७ मध्ये येशू अशा लोकांवर रागावतो जे आईबापांच्या वाटचं देवाला ‘कुर्बान’ म्हणून टाकतात. घरातल्या आजाऱ्याचं औषध थांबवून पेटीत टाकलेला पैसा त्याच जातीचा. थांबवा आणि मनाला लावून घेऊ नका.

आता सरकारी. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या कॅशलेस उपचारांची सोय आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधी भेटा. परळचं टाटा हॉस्पिटल असो की खारघरचं त्यांचंच ॲक्ट्रेक, तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन बसा. मदतीचे रस्ते त्यांना पाठ असतात. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, कागद मात्र जवळ ठेवा.

डॉक्टर आता पॅलिएटिव्हबद्दल बोलताहेत. हे मान्य करणं म्हणजे देवावरचा विश्वास सोडणं का?

पौलाने शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली. काटा राहिला. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणत नाही.

पॅलिएटिव्ह म्हणजे वेदना, धाप, मळमळ यांवरचे उपचार. ते केमोबरोबरही चालू शकतात आणि जितके लवकर तितके बरे. मॉर्फिनला घाबरू नका. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच सांगितलं होतं की तीव्र वेदनांवर औषध देणं चालतं, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी. नवऱ्याला कळवळत ठेवून ‘ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी’ म्हणणाऱ्यांना मी तरी खोलीबाहेर काढेन. बरं होण्याची प्रार्थना चालूच ठेवा. त्याच दिवशी बँकेच्या नॉमिनीचे कागदही करा. एकाने दुसरं खोटं पडत नाही.

उपचार संपले, स्कॅन चांगला आला. आता मंडळी साक्ष द्यायला बोलावतेय.

अभिनंदन! पण घाई नको. फॉलोअप पुढची काही वर्षं चालतो, पहिल्या दोन वर्षांत तर बहुतेक दर काही महिन्यांनी, आणि प्रत्येक तारखेआधीचा आठवडा पोट ढवळणारा जातो. ते थांबेल तेव्हा थांबेल. पेशंटची इच्छा असेल तरच साक्ष, आणि नको असेल तर ‘अजून नाही’ म्हणून मोकळं व्हायचं.

बोललात तर डॉक्टरांचा, सिस्टरांचा आणि सोमवारच्या डब्याचा उल्लेख करा. ‘आम्ही पुरेसा विश्वास ठेवला म्हणून’ हे वाक्य गाळा. समोरच्या बाकावर कोणीतरी असा बसलेला असतो ज्याने तुमच्याइतकीच प्रार्थना केली होती, आणि ज्याची बायको गेल्या पावसाळ्यात गेली.